पंपघरातील आणि इमारतीतील रोहित्र : जागा, खोली व जोडणी



आपल्या भागातला ऊस पाण्यावर उभा आहे आणि पाणी विजेवर. ऐन उन्हाळ्यात उपसा योजनेचा ट्रान्सफॉर्मर जळाला तर पाण्याची एक पाळी चुकते, कधी दोन चुकतात, आणि त्याचा हिशेब तोडणीच्या वेळी टनात भरावा लागतो. हे सर्वांना अनुभवाने माहीत आहे. परंतु ट्रान्सफॉर्मर जळणे हे नुकसान झाले, आणि ट्रान्सफॉर्मरने माणसे जळणे हा घात झाला. या लेखात आम्ही दोन्हींबद्दल बोलणार आहोत, कारण दोन्हींची मुळे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतात : जागा चुकीची निवडणे आणि बसवताना घाई करणे.

ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र म्हणतात. आपण त्याला डी.पी. म्हणतो. खांबावरचा डी.पी. वीज कंपनीचा असतो व त्याची जबाबदारी तिची असते. पण सहकारी पाणीपुरवठा संस्था, गोदाम, शीतगृह, दूध संस्था किंवा मोठी सोसायटी उच्च दाबाची जोडणी घेते, तेव्हा रोहित्र संस्थेचे स्वतःचे असते. त्याची जागा संस्थाच ठरवते. त्यावेळी संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास एक वाक्य निघते, “इमारतीतच एक खोली काढा, चोरीपण व्हायची नाही आणि पावसाचीपण भीती नाही.” वाक्य ऐकायला बरे वाटते. ते केव्हा बरोबर आणि केव्हा धोक्याचे, हे आता पाहू.

रोहित्रात असते काय?

लोखंडी टाकीत पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी, वेटोळ्यांवर कागदाचे वेष्टण, आणि हे सगळे तेलात बुडवलेले. ११,००० किंवा २२,००० व्होल्टने आलेली वीज येथे ४३३ व्होल्टवर उतरते. तेल दोन कामे करते. एक, विजेला आडवे पडते. दुसरे, वेटोळ्यांतली उष्णता टाकीच्या पंखांपर्यंत नेऊन सोडते.

पूर्ण भारावर रोहित्रात साधारण एक ते दीड टक्का वीज उष्णता होऊन जाते. ऐकायला हे थोडे वाटते. पण ५०० के.व्ही.ए.च्या रोहित्रात ही उष्णता पाच-सहा हजार वॉटच्या घरात जाते, म्हणजे खोलीत पाच-सहा मोठ्या विजेच्या शेगड्या रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे झाले. ती उष्णता बाहेर गेली नाही तर आत कोंडते आणि कागद करपतो. कागदाचे वेष्टण ९८ अंश सेल्सिअसपर्यंत आपले नेमून दिलेले आयुष्य काढते. त्याच्यावर दर सहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे होते. वीस-पंचवीस वर्षे चालायचे रोहित्र काही मोसमांतच का बसते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आणि तेल हे शेवटी तेलच आहे. साधे खनिज तेल १४० अंशांच्या पुढे तापले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. शंभर के.व्ही.ए.च्या टाकीत शे-दीडशे लिटर तेल असते, मोठ्या रोहित्रात याच्या कितीतरी पट. इमारतीत रोहित्र बसवणे म्हणजे इमारतीत तेलाची टाकी ठेवणे आणि तिच्यात अकरा हजार व्होल्टची वीज सोडणे होय. इतके लक्षात ठेवले की पुढचे सर्व नियम आपोआप समजतात.

दिल्लीचा धडा

१३ जून १९९७ रोजी नवी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल. ती पडद्याजवळ लागली नव्हती. इमारतीच्या तळमजल्यावर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेला लागून वीज मंडळाचे १००० के.व्ही.ए.चे रोहित्र होते. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्याला एकदा आग लागली व विझवली गेली. नंतर दुरुस्ती झाली. केबलच्या टोकाला सॉकेट बसवतात ते दाबयंत्राने, म्हणजे क्रिंपिंग मशीनने, दाबून बसवायचे असते. तेथे ते डाय आणि हातोड्याने ठोकून बसवले गेले आणि वीज पुन्हा चालू केली गेली.

जोड सैल राहिला. सैल जोडात ठिणग्या पडतात, जोड तापतो, आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास केबल सुटून रोहित्राच्या पंखावर पडली. पंखाला भोक पडले, तेल बाहेर आले व पेटले. तेल अडवायला खड्डा नव्हता. ते वाहत मोटारींकडे गेले, मोटारी पेटल्या, आणि धूर जिन्याच्या वाटेने वर बाल्कनीत चढला. वर चित्रपट चालू होता. बाहेर पडण्याच्या काही वाटा जादा खुर्च्यांनी व बंद दारांनी अडल्या होत्या. ५९ माणसे मेली, आणि बहुतेक सर्व धुराने गुदमरून मेली.

यात आपण काय पाहायचे? सैल जोड ही एक चूक. पण सैल जोड एखाद्या मोकळ्या माळावरच्या रोहित्रात असता तर रोहित्र जळाले असते आणि बात संपली असती. माणसे मेली ती जागेमुळे : वर माणसांची वस्ती, शेजारी पेटणाऱ्या वस्तू, तेल अडवायला काही नाही, धुराला बाहेरची वाट नाही आणि माणसांनाही नाही. आपल्याकडे खाली गोदाम किंवा दुकानगाळे, वर सभागृह अशा इमारती गावोगाव आहेत. सभागृहात वार्षिक सभा होते, लग्नकार्य होते. म्हणून दिल्लीची गोष्ट दिल्लीची म्हणून सोडून देता येत नाही.

जागा निवडताना

पहिली पसंती इमारतीबाहेर. मोकळ्या जागेत जोत्यावर रोहित्र, भोवती किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट उंचीचे कुंपण, कुलूप लावलेले फाटक आणि धोक्याचा मराठी फलक. चोरीची भीती असेल तर कुंपण मजबूत करा, दिवा लावा, राखणदार नेमा. पण चोराच्या भीतीने तेलाची टाकी माणसांच्या खाली आणू नका.

११ के.व्ही.ची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि २२ के.व्ही.ची किमान २ मीटर दूर हवी, व छतावरून जाणारी तार छताच्या ३.७ मीटर वर हवी. आज एक मजला आहे म्हणून अंतर बरोबर दिसते. उद्या वर दुसरा मजला चढवला की तार हाताला लागते. नकाशा करताना पुढच्या दहा वर्षांची इमारत डोळ्यांसमोर आणावी.

इमारतीत बसवणे भागच असेल तर या गोष्टी पाळाव्यात :

१. तेलाचे रोहित्र तळमजल्यावरच ठेवावे. वरच्या मजल्यावर कधीच नाही. नियमाने फार तर पहिल्या तळघरापर्यंत मुभा आहे, पण आपल्या भागात तळघर म्हणजे पावसाळ्यात पाणी, तेव्हा तो विचार सोडावा.

२. राहत्या व व्यापारी इमारतींच्या आत कोरडे, म्हणजे ड्राय टाइप रोहित्रच बसवावे असा सुरक्षा नियम आहे. यात तेल नसते. किंमत जास्त पडते, आणि धूळ व ओल यांपासून जपावे लागते. दुकानगाळे आणि सभागृह असलेल्या इमारतीला याला पर्याय नाही.

३. खोलीचे दार थेट बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडावे. बोळात, जिन्याखाली किंवा गोदामात नाही. दार लोखंडी असावे व बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत अडकलेला माणूस धक्का देऊन बाहेर पडला पाहिजे.

४. खोलीची भिंत जिन्याला, सभागृहाला किंवा शाळेच्या वर्गाला लागून नको. झरोके माणसांच्या खिडक्यांखाली नकोत.

५. क्रेन किंवा ट्रक दारापर्यंत आला पाहिजे. टन-दीड टनाचे धूड माणसांनी ओढत नेताना बुशिंग फुटतात आणि बोटेही जातात.

नदीकाठच्या पंपघरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. जोते ठरवताना जुन्या माणसांची “पाणी एवढ्यावर येत नाही” ही साक्ष आता पुरेशी नाही. या तिन्ही पुरांत पाणी कोठे आले होते याची खूण भिंतींवर, देवळांवर शोधा आणि रोहित्र, स्विच व स्टार्टर त्याच्या वर ठेवा. पंप खाली जॅकवेलजवळ असला तरी रोहित्र तेथेच असावे असा काही नियम नाही. मागे उंचावर रोहित्र आणि तेथून पंपापर्यंत चांगल्या जाडीची केबल, हा खर्च एका पुरात वसूल होतो. जे रोहित्र पाण्यात बुडाले असेल ते नुसते उन्हात वाळवून चालू करू नये. तेल तपासून, गाळून, वेटोळ्यांची ओल काढून आणि मेगरने तपासून मगच जोडावे.

खोली कशी बांधावी?

चारही बाजूंनी भिंती असतील तर रोहित्र व भिंत यांत सर्व बाजूंनी किमान १.२५ मीटर मोकळी जागा ठेवावी. तीन बाजूंना भिंती असतील तर १ मीटर, दोन बाजूंना असतील तर पाऊण मीटर, एकाच बाजूला असेल तर अर्धा मीटर. समजा, रोहित्र दीड मीटर लांब व सव्वा मीटर रुंद आहे. बंद खोलीसाठी लांबी १.२५ अधिक १.५ अधिक १.२५, म्हणजे ४ मीटर, रुंदी १.२५ अधिक १.२५ अधिक १.२५, म्हणजे ३.७५ मीटर. थोडक्यात तेरा फूट बाय साडेबारा फूट. पॅनेल व स्विच यांची जागा वेगळी. “दहा बाय आठची खोली शिल्लक आहे, तीत बसवून टाकू” असे कोणी म्हणाले तर हा हिशेब पुढे ठेवावा.

हवा खालून आत यायला हवी आणि वरून बाहेर जायला हवी. ढोबळ माप असे : दर १००० के.व्ही.ए.ला खाली १ चौरस मीटर आणि वर २ चौरस मीटर झरोके. ५०० के.व्ही.ए.ला खाली अर्धा व वर एक चौरस मीटर. खालचा झरोका एका भिंतीत व वरचा समोरच्या भिंतीत असेल तर हवा रोहित्रावरून फिरते. दोन्हींना बारीक जाळी लावावी. उंदीर, साप आणि चिमण्यांची घरटी यांनी शॉर्टसर्किट होते. केबलची नाली वाळूने भरून वर फरश्या घालाव्यात. केबल भिंतीतून जाते तेथली भोके बुजवावीत, नाहीतर पूर, घूस आणि धूर या तिघांनाही तीच वाट सापडते.

जोत्याभोवती उंबरा करावा आणि उतार देऊन तेल एका खड्ड्यात जाईल असे पाहावे. खड्डा दगडगोट्यांनी भरावा. पेटलेले तेल गोट्यांतून झिरपताना त्याला हवा मिळत नाही व ते विझते. २००० लिटरवर तेल असेल तर असा खड्डा नियमानेच लागतो. आपली रोहित्रे बहुधा त्याहून लहान असतात, म्हणून कोणी सक्ती करणार नाही. तरी करावा. चार ब्रास गोट्यांचा खर्च हा संस्थेला जड नाही. दाराचा उंबराही चांगला वीतभर ठेवावा, म्हणजे सांडलेले तेल खोलीबाहेर येणार नाही.

क्षमता किती घ्यावी?

समजा, योजनेवर १०० अश्वशक्तीच्या तीन मोटारी आहेत. दोन चालतात, एक राखीव. १०० अश्वशक्ती म्हणजे ७४.६ किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर तिला सुमारे ८३ किलोवॅट लागतात. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर ८३ भागिले ०.८५, म्हणजे जवळजवळ ९८ के.व्ही.ए. दोन मोटारींचे १९६. २०० के.व्ही.ए.चे रोहित्र कागदावर पुरते, पण मग चालू करतानाच्या जोराला आणि दिवाबत्तीला काही उरत नाही. शिवाय ऐन टंचाईत कोणीतरी राखीव मोटारही चालू करतोच. मग आकडा २९४ वर जातो. म्हणून ३१५ के.व्ही.ए. घ्यावे. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५ पर्यंत आणला तर प्रत्येक मोटारीला ८७-८८ के.व्ही.ए.च लागतात. कपॅसिटर रोहित्राचा भार हलका करतो, तो नुसता बिलासाठी नसतो.

हीच गोष्ट शेतातल्या डी.पी.ची. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे पावणेसहा ते सहा के.व्ही.ए. घेते. १०० के.व्ही.ए.वर अशा सतरा मोटारी म्हणजे भरले. त्यावर आणखी आकडे पडले आणि वीज आल्याबरोबर सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम ओढले गेले की, थेट चालू होणारी मोटर पाच-सहा पट करंट घेते आणि डी.पी.वर एकाच वेळी सगळा घाला पडतो. आपापसात ठरवून मोटारी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चालू केल्या तर कोणाचेही पाणी कमी होत नाही.

जोडणी व अर्थिंग

न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि टाकीच्या लोखंडाला दोन स्वतंत्र अर्थिंग, असे नियम सांगतो. तडितरोधकाला, म्हणजे लायटनिंग अरेस्टरला, वेगळे. अर्थिंगचा पाइप किमान अडीच मीटर लांब हवा, इमारतीपासून किमान दीड मीटर दूर आणि एकमेकांपासून पाच मीटर तरी अंतरावर. कोळसा व मीठ घालून खड्डा भरला की काम संपले असे नाही. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते. अर्थिंग तुटले तर न्यूट्रल सुटतो, एखाद्या फेजचा दाब वाढून घरातले दिवे फुटतात, आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावणारा पाटकरी बळी जातो. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगचा रोध मोजून वहीत लिहावा. ५ ओहमच्या वर गेला तर दुरुस्ती करावी.

केबलचे लग क्रिंपिंग मशीननेच दाबावेत. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बुशिंगला थेट लावू नये. बायमेटलिक लग वापरावा. पहिल्या महिन्यात सर्व बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, अर्थात वीज बंद करून, खात्री करून आणि अर्थ करून. फ्यूज उडाला म्हणून जाड तार किंवा तारांची मोळी घालू नये. फ्यूज हा साखळीतला मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा आहे. तो पक्का केला की साखळी रोहित्रात तुटते. १००० के.व्ही.ए. व त्यावरच्या रोहित्राला आतला वायू ओळखून वीज तोडणारा रिले सक्तीचा आहे.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. ओळखीचा वायरमन स्वस्तात करून देतो म्हणून उच्च दाबाचे काम त्याच्याकडे देऊ नये. वीज सोडण्यापूर्वी विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या ज्या मंजुऱ्या व प्रमाणपत्रे लागतात ती लेखी घ्यावीत. १९५६ च्या जुन्या वीज नियमांच्या जागी २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आहेत. ठेकेदाराला नकाशा त्यांप्रमाणे केला आहे असे लिहून द्यायला सांगावे.

रोजची नजर

रोहित्राची खोली ही कोठी नव्हे. बारदान, खताची पोती, डिझेलचे डबे, जुने टायर, गणपतीचे मखर यांतले काहीही तेथे ठेवू नये. बाहेरच्या डी.पी.भोवती पाचट साठू देऊ नये. तोडणीला आलेला ऊस डी.पी.च्या ठिणगीने पेटला तर एका सभासदाचा फड जळत नाही, वारा असेल त्या दिशेचे सगळे फड जळतात.

ब्रीदरमधील सिलिका जेल निळे असते. गुलाबी झाले की ते ओल शोषून भरले. बदलावे किंवा तापवून पुन्हा वापरावे. तेलाची पातळी आठवड्याला पाहावी. तेलाची चाचणी वर्षातून एकदा करावी. अडीच मिलिमीटर अंतरावर तेलाने किमान ३० के.व्ही. दाब सोसला पाहिजे. खालच्या खोलीत कोरड्या वाळूच्या बादल्या व पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवावा, पण दाराबाहेर, आत नव्हे. आग लागली तर प्रथम वीज तोडावी. पेटत्या तेलावर पाण्याची बादली मारू नये. तेल पाण्यावर तरंगत पसरते आणि वीज चालू असेल तर पाणी मारणाराच धक्क्याने पडतो.

बैठकीत विचारायचे प्रश्न

नवे पंपघर किंवा संस्थेची नवी इमारत मंजूर करताना सभासदांनी हे प्रश्न जरूर विचारावेत. रोहित्र बाहेर ठेवता येत नाही का? नसेल तर त्याच्या वर आणि शेजारी कोण बसणार आहे? तेल सांडले तर कोठे जाईल? धूर कोठून निघेल? माणसे कोठून निघतील? २०१९ चे पाणी कोठपर्यंत आले होते? अर्थिंग कोणी मोजले व वहीत कोणी लिहिले?

हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. आपण शेअर भरलेले सभासद आहोत, इमारत आपली आहे आणि तिच्यात बसणारी माणसेही आपलीच आहेत. काम चालू असताना प्रश्न विचारला की ठेकेदार थोडा कुरकुरतो, संचालकही कधी नाराज होतात. ते सोसावे. जोते एकदा बांधून झाले आणि टाकीत तेल भरले की जागा बदलणे फार महाग पडते.

ज्या पाणीपुरवठा संस्थांना आपला नकाशा दाखवून घ्यायचा असेल त्यांनी तो बांधकाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या विद्युत विभागात आणावा. आम्ही तो पाहून देऊ.

— विद्युत विभाग